सोसणे म्हणजे सामर्थ्य नव्हे : झिंबाब्वेची तांबू, तीन कादंबऱ्या आणि वसाहतीचा हिशेब #धागा

१/
कादंबरीतील एखाद्या स्त्रीचे कौतुक करायचे झाले की समीक्षकांच्या आणि समाजमाध्यमांच्या जिभेवर तीन शब्द तयारच असतात : खंबीर, जिद्दी, सोशिक. नायिका आफ्रिकेतील किंवा आशियातील असली की त्यांत ‘वसाहतोत्तर’ या शब्दाची भर पडते आणि निबंध पूर्ण होतो. गरीब मुलगी, मागासलेले गाव, जुलमी पुरुष, शाळेची वाट आणि शेवटी स्वतःच्या पायांवर उभे राहणे, असा तो साचा. हा धागा त्या साच्याच्या विरोधात आहे. या साच्यात स्त्रीचे सोसणे जितके उजळून निघते, तितका तिला सोसायला लावणारा अंधारात निसटून जातो.

२/
उदाहरण झिंबाब्वेचे. त्सित्सी दांगारेंबगा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ ही कादंबरी १९८८ साली लंडनच्या ‘द विमेन्स प्रेस’ने प्रसिद्ध केली. लेखिकेने ती पंचविशीच्या आसपास लिहिली होती. स्वदेशातील प्रकाशकांनी मात्र तिला दार उघडले नव्हते. पुढच्याच वर्षी तिला आफ्रिका विभागाचे राष्ट्रकुल लेखक पारितोषिक मिळाले आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत ती जाऊन बसली. तेव्हापासून तिची नायिका तांबुदझाई, म्हणजे तांबू, ही ‘सक्षम स्त्री’चे ठरलेले उदाहरण झाली. हे उदाहरण किती चुकीचे आहे, हे पुढच्या दोन कादंबऱ्यांनी स्वतः लेखिकेनेच दाखवून दिले.

३/
कथानक १९६०च्या दशकातील ऱ्होडेशियात सुरू होते. घरात पैसा एकाच मुलाच्या शिक्षणापुरता. शाळेत जातो भाऊ. तांबू स्वतः मका पेरते, खुरपते, कणसे शहरात विकायला नेते. १९६८ साली तो भाऊ मरण पावतो आणि त्याची शिक्षणाची जागा तिला मिळते. भावाच्या मृत्यूचे आपल्याला दुःख झाले नाही, हे ती कादंबरीच्या आरंभीच निःसंकोच सांगते. बहुतेक निबंध मक्याच्या कणसांवर थांबतात : पाहा, एका मुलीने स्वकष्टाने शाळेची फी उभी केली!

४/
प्रसंग मात्र नीट वाचायला हवा. कणसे विकून फी उभी राहत नाही. भाऊच तिची कणसे चोरून वाटून टाकतो. शहरात एक गोरी बाई या मुलीला पाहून हळहळते आणि दहा पौंड देते; फी भरली जाते ती त्या दानातून. मग बाप त्या पैशांवर हक्क सांगायला शाळेत पोहोचतो, कारण मुलीची मिळकत म्हणजे बापाची मिळकत. एका प्रसंगात तीन सत्ता उभ्या आहेत : मुलीचे श्रम स्वतःचे मानणारे घर, जमीन घेऊन दान देणारी वसाहत आणि या दोहोंमधून वाट काढणारी शाळा. ‘जिद्द’ हा एकच शब्द वापरला की तिन्ही अदृश्य होतात.

५/
जमीन घेतली म्हणजे काय? १८९० साली सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीची सशस्त्र तुकडी या प्रदेशात शिरली. १८९४ साली झोपडीकर लागला. कर रोखीत भरायचा, म्हणून पुरुषांना खाणींत आणि गोऱ्यांच्या मळ्यांवर जाणे भाग पडले. १९३०च्या भूमिवाटप कायद्याने देशातील सुमारे निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली. बहुसंख्याकांच्या वाट्याला आले अपुरे, हलक्या जमिनीचे राखीव प्रदेश. पुरुष मजुरीला गेल्यावर या प्रदेशातील शेती कोणी केली? स्त्रियांनी. तांबूचे खुरपे या इतिहासातून आलेले आहे.

६/
कादंबरीत हा इतिहास तांबूला शाळा शिकवत नाही. तो तिला तिची आजी शेतात, काम करता करता सांगते : सुपीक जमीन कशी गेली, माणसे कशी हुसकली गेली, कोण मजूर झाले आणि कोण मोठे झाले. निरक्षर आजी ही या पुस्तकातील पहिली इतिहासकार. ‘शिक्षणाने मुलगी सक्षम झाली’ असे ठोकून देणाऱ्यांनी या आजीचे काय करायचे ते ठरवावे. शाळेने तांबूला बरेच काही दिले; पण आजीकडून मिळालेले ज्ञान बिनकामाचे ठरवण्याचे काम त्याच शाळेने केले.

७/
आता ‘दुहेरी वसाहतीकरणा’कडे वळू. १९८६ साली कर्स्टन होल्स्ट पीटरसन आणि ॲना रदरफर्ड यांनी संपादित केलेल्या ग्रंथाच्या नावातून हा शब्द रूढ झाला. अर्थ सोपा : स्त्रीवर एक जू साम्राज्याचे, दुसरे पुरुषसत्तेचे. त्या काळी हे म्हणणे आवश्यक होते. वसाहतवादाची चर्चा पुरुषांच्याच अपमानाभोवती फिरत होती. पण आता या शब्दाचे पाठांतर झाले आहे. त्यातून असे चित्र तयार होते की दोन स्वतंत्र जुलूम योगायोगाने एकाच मानेवर पडले. दप्तरातील कागद वेगळे सांगतात. ही दोन्ही जोखडे एकाच कचेरीत, एकमेकांना विचारून तयार झाली.

८/
पुरावा पाहा. दक्षिण ऱ्होडेशियात १९०१च्या विवाह अध्यादेशाने लग्नासाठी स्त्रीची संमती आवश्यक ठरवली. नको असलेल्या लग्नातून पळून अनेक मुली मिशनच्या आश्रयाला, खाणींच्या वस्त्यांत, शहरांत जाऊ लागल्या. गावातील वडीलधारे संतापले. अधिकाऱ्यांनाही चिंता पडली, कारण बाई गावात राहिली तरच राखीव प्रदेशातील शेती चालणार आणि मजुराला कमी पगारात राबवता येणार. १९१६ साली देशी लोकांसाठी व्यभिचार दंडनीय करणारा अध्यादेश आला. त्याचा रोख विवाहित आफ्रिकी स्त्रियांकडे होता. दोन्हीकडच्या पुरुषांची तक्रार एकाच कायद्यात मिटली.

९/
‘रूढी’ म्हणून जे लिहून ठेवले गेले, ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी गावच्या वृद्ध पुरुषांना विचारून लिहिले. स्त्रियांना कोणी विचारले नाही. जिवंत रूढी लवचीक असते : तिच्यात भांडण असते, तडजोड असते, आत्याचा मान असतो, आईच्या माहेरचा दाब असतो. कागदावर उतरलेली रूढी ताठ झाली. तिच्यात आफ्रिकी स्त्री जन्मभर अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत कधीच सज्ञान न होणारी ठरली. बाप, नवरा किंवा भाऊ हा तिचा पालक. ही ‘हजारो वर्षांची परंपरा’ बरीचशी विसाव्या शतकातील दप्तरात घडलेली आहे.

१०/
मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. रखमाबाईंवर दादाजी भिकाजीने १८८४ साली मुंबईत दावा लावला तो ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा. ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातली नव्हती. ती इंग्लंडच्या धर्मपीठीय कायद्यातून आली होती. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पुढे निकाल फिरला आणि १८८७ साली नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा आदेश झाला. खुद्द इंग्लंडने या कारणासाठी होणारा तुरुंगवास १८८४ सालीच रद्द केला होता. साम्राज्य तेच, रीतही तीच : स्थानिक पुरुषाच्या हाती विलायती दांडके द्यायचे आणि त्याला धर्म म्हणायचे.

११/
इथे एक भाबडे उत्तर पुढे येते : मग स्त्रीचा जाच गोऱ्यांनीच आणला, आधी सारे समतेचे होते. हेही खोटे. वधूमूल्य, वडिलांची सत्ता, मुलीपेक्षा मुलाचा मान हे सारे आधीही होते. दांगारेंबगा हे लपवत नाहीत. म्हणूनच त्यांची कादंबरी राष्ट्रवाद्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. त्यांचे म्हणणे अधिक अवघड आहे. वसाहतीने जुन्या पुरुषसत्तेला नवे वेतन, नवे पद आणि नवा कायदा दिला. या नव्या पुरुषाचे नाव बाबामुकुरू.

१२/
शोना भाषेत ‘बाबा’ म्हणजे वडील आणि ‘मुकुरू’ म्हणजे थोरला. बाबामुकुरू म्हणजे थोरले काका. मिशन शाळेचे मुख्याध्यापक, इंग्लंडहून शिकून आलेले, साऱ्या कुटुंबाचे पोशिंदे. ते दुष्ट नाहीत, हीच कादंबरीची ताकद. भावाच्या मुलीला ते शाळेत घालतात. आणि तेच तिच्या आईवडिलांचे, इतक्या वर्षांच्या संसारानंतर, चर्चच्या विधीने लग्न लावायचे ठरवतात, कारण त्याशिवाय ते ‘पापात’ राहत आहेत. स्वतःच्या आईवडिलांची ही चेष्टा पाहायला जायला तांबूचे शरीरच नकार देते. ती अंथरुणातून उठू शकत नाही. नंतर छड्या मिळतात. तिच्या साऱ्या ‘जिद्दी’त हा नकार सर्वांत खरा होता. निबंधांत मात्र तो क्वचितच सापडतो.

१३/
माइगुरू ही थोरली काकू. नवऱ्याइतकीच शिकलेली, पदव्युत्तर पदवी घेतलेली. हे कळल्यावर तांबू थक्क होते, कारण घरात त्याची चर्चाच नाही. काकू नोकरी करते, पण पगारावर तिचा अधिकार नाही. तो नवऱ्याच्या कुटुंबप्रमुखपणाला पुरतो. ‘शिक्षण म्हणजे सक्षमीकरण’ हे समीकरण कादंबरीने माइगुरूच्या रूपाने भर घरात, जेवणाच्या टेबलावरच मोडून ठेवले आहे. पदवी आहे, पगार आहे, आदर आहे. सत्ता नाही. ‘खंबीर नायिका’ शोधणाऱ्या वाचकाला ही काकू दिसत नाही, कारण ती पडतही नाही आणि उठतही नाही. ती केवळ वाढत असते.

१४/
तिची मुलगी न्याशा. बालपण इंग्लंडमध्ये गेले, शोना विसरली, घरी परतल्यावर ना इथली ना तिथली. बाप तिच्या पोशाखावर, परतण्याच्या वेळेवर, वाचनावर पहारा ठेवतो. एका रात्री मारतो, तेव्हा ती उलट मारते. पुढे तिचे खाणे सुटते, खाल्लेले ती ओकून टाकते. शहरातील गोरा मानसोपचारतज्ज्ञ सांगतो की असला आजार आफ्रिकी माणसांना होतच नाही. हे वाक्य कल्पनेतून आलेले नाही. १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या जे. सी. कॅरोदर्स यांच्या ग्रंथात आफ्रिकी मन मुळातच वेगळे आणि उणे असल्याचे मत शास्त्र म्हणून मांडले होते.

१५/
त्याच १९५३ साली फ्रांत्स फॅनन हा तरुण मानसोपचारतज्ज्ञ अल्जीरियातील ब्लिदा येथील रुग्णालयात रुजू झाला. वसाहत माणसाचे मन कसे आजारी करते, हे त्याने रुग्णांच्या नोंदींतून दाखवले. त्याच्या १९६१च्या ग्रंथाला सार्त्रने लिहिलेल्या प्रस्तावनेतूनच ‘नर्व्हस कंडिशन्स’ हे शीर्षक आले आहे. पण फॅननच्या विचारविश्वाच्या केंद्रस्थानी बहुधा पुरुष आहे. दांगारेंबगा यांनी तो आजार एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात आणून ठेवला. सिद्धांत वापरणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण : मोठ्या माणसाचे म्हणणे घ्यायचे आणि त्याला जे दिसले नाही तिथे ते नेऊन तपासायचे.

१६/
कादंबरीच्या अखेरीस आजाराच्या भरात न्याशा इतिहासाचे पाठ्यपुस्तक दातांनी फाडते. इतिहासप्रेमींनी या प्रसंगावर थोडे थांबावे. ती पुस्तक फाडते ते त्यात खोटे लिहिले आहे म्हणून. तिला तारखा पाठ आहेत, परीक्षेत गुण मिळतात; नेमक्या त्या गुणांनीच तिचा घात केला आहे. सोशिकतेच्या मोजपट्टीवर न्याशा नापास होते, कारण ती मोडून पडते. पण त्या घरात आजाराचे कारण अचूक ओळखणारी ती एकटीच आहे. मोडून पडणे हे कधीकधी ज्ञान असते, आणि टिकून राहणे हे कधीकधी विस्मरण.

१७/
तांबू टिकून राहते. तिला कॉन्व्हेंट शाळेत प्रवेश मिळतो. पहिली कादंबरी तिथे थांबते आणि निबंधकारही तिथेच थांबतात. ‘द बुक ऑफ नॉट’ २००६ साली आली. मुक्तिसंग्राम पेटलेला आहे. तांबूची धाकटी बहीण नेत्साई लढ्यात सामील होते आणि सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावते. तांबू मात्र कॉन्व्हेंटमध्ये ऱ्होडेशियाच्या सैनिकांसाठी विणकाम करते, आपण चांगली विद्यार्थिनी आहोत हे सिद्ध करण्यासाठी. परीक्षेत ती शाळेत पहिली येते. पारितोषिक मात्र ट्रेसी नावाच्या गोऱ्या मुलीला दिले जाते. तांबू दोष स्वतःलाच देते. जिद्दीचा हा दुसरा चेहरा आहे : अन्यायाचे कारण स्वतःत शोधण्याची सवय.

१८/
१८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. ज्यांनी बंदुका वाहिल्या, निरोप पोहोचवले, लढवय्यांना जेऊ घातले, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९८२च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षांवरील आफ्रिकी स्त्री प्रथमच कायद्याने सज्ञान झाली. ही मोठी गोष्ट होती. आणि अवघ्या वर्षभरात, १९८३च्या अखेरीस, सरकारने शहरांत ‘सफाई मोहीम’ काढली. रस्त्यावर एकट्या दिसलेल्या हजारो स्त्रिया वेश्या ठरवून पकडल्या गेल्या. सुटकेसाठी लग्नाचा किंवा नोकरीचा पुरावा मागितला गेला. पालकाशिवाय फिरणारी बाई संशयित, ही वसाहतीची नजर नव्या गणवेशात तशीच होती.

१९/
त्याच काळात मातबेलेलँडमध्ये लष्कराच्या पाचव्या ब्रिगेडने न्देबेले जनतेवर जे अत्याचार केले, ते ‘गुकुराहुंडी’ या नावाने ओळखले जातात. बळींचा आकडा वीस हजारांपर्यंत सांगितला जातो. यिव्हॉन व्हेरा यांची ‘द स्टोन व्हर्जिन्स’ (२००२) याच हिंसेची कादंबरी. केझी गावातील दोन बहिणी. एकीची हत्या होते, दुसरी विद्रूप होऊन जगते. त्या दुसरीला ‘खंबीर’ म्हणणे सोपे आहे. पण तिच्यावर वार करणारा मुक्तिसंग्रामातून आलेला सैनिक आहे आणि तिच्या गावावर चाल करून येणारे लष्कर स्वतंत्र राष्ट्राचे आहे. हे उच्चारण्याची जबाबदारी नको म्हणून पुष्कळांना तिच्या धैर्याचे पोवाडे बरे वाटतात.

२०/
१९९९ साली ‘मगाया विरुद्ध मगाया’ खटल्यात झिंबाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने रूढी कायद्याचा आधार घेऊन थोरल्या मुलीऐवजी धाकट्या सावत्र भावाला वारस ठरवले. १९८२चा कायदा असूनही. तत्कालीन राज्यघटनेने भेदभावबंदीतून रूढी कायद्याला सूट दिली होती; ती सूट २०१३च्या राज्यघटनेने संपवली. म्हणजे कंपनीच्या काळात कागदावर ताठ झालेली ‘रूढी’ स्वतंत्र देशाच्या न्यायासनावरून जवळजवळ शतकभराने परंपरा म्हणून उद्धृत झाली. वसाहतोत्तर सिद्धांताचे खरे काम इथे आहे : ‘आपली परंपरा’ म्हणून जे समोर येते त्यावर कोणाच्या कचेरीचा शिक्का आहे, हे तपासणे.

२१/
तिसरी कादंबरी, ‘धिस मोर्नेबल बॉडी’, २०१८ची. काळ १९९०च्या दशकाचा उत्तरार्ध. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या पाठिंब्याने १९९१ साली सुरू झालेल्या आर्थिक पुनर्रचनेनंतरचे हरारे, नोकऱ्या आटलेल्या. जाहिरात कंपनीत आपल्या शब्दांचे श्रेय गोऱ्या सहकाऱ्याला दिले गेल्यावर तांबू नोकरी सोडून बसली आहे. सारी कादंबरी द्वितीय पुरुषात आहे. तांबू स्वतःला ‘मी’ म्हणण्याच्याही पलीकडे गेली आहे. बसथांब्यावर जमाव तिच्याच वसतिगृहातील एका तरुणीचे कपडे ओरबाडतो, तेव्हा तांबूच्या हातात दगड आहे. तिला वाचवण्यासाठी तो उचललेला नाही.

२२/
पुढे शिक्षिका झालेली तांबू एका विद्यार्थिनीला बेदम मारते आणि मनोरुग्णालयात पोहोचते. त्यानंतर तीच ट्रेसी तिला पर्यटन कंपनीत नोकरी देते. युरोपीय पाहुण्यांना ‘खरी आफ्रिका’ दाखवायची म्हणून तांबू त्यांना स्वतःच्या गावी नेते. तिथल्या बायकांनी, त्यांत तिच्या आईने, उघड्या छातीने नाचायचे असते. आईचा संताप उसळतो आणि सारा बेत उधळतो. मक्याची कणसे विकणाऱ्या मुलीचा प्रवास असा : आधी श्रम विकले, मग शब्द, शेवटी आई. जिद्द तिन्ही वेळा तीच होती, आणि म्हणूनच जिद्दीचे कौतुक करून प्रश्न सुटत नाही.

२३/
आक्षेप घेतला जाईल : म्हणजे स्त्रिया केवळ बळी का? त्यांचे कर्तृत्व नाकारायचे का? मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ सालीच बजावले होते की ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ असा एकजिनसी, दीनवाणा बळी पाश्चात्त्य लेखनाने घडवला आहे. बरोबर. पण बळीच्या जागी एकजिनसी वीरांगना बसवली तर साचा बदलत नाही, फक्त चित्र उलटे टांगले जाते. दोन्ही चित्रांत त्या बाईचा काळ, गाव, कायदा, मजुरी पुसलेली असते. दोन्ही चित्रे वाचकाला काहीही विचारत नाहीत. एक त्याला कणव देते, दुसरे प्रेरणा.

२४/
गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ हा निबंध ज्या ग्रंथातून गाजला तोही १९८८चाच, ‘नर्व्हस कंडिशन्स’चा जुळा. १९२६ साली कलकत्त्यात गळफास घेतलेल्या भुवनेश्वरी भादुडी या तरुणीने आपल्या मृत्यूचा अर्थ कोणी चुकीचा लावू नये म्हणून केलेली तजवीजही वाया गेली, हा त्या निबंधाचा गाभा. निबंधाचे शीर्षक उद्धृत करून ‘कादंबरीकारांनी आता स्त्रियांना आवाज दिला’ असे लिहिणारे मूळ मुद्दाच उलटा करतात. स्पिवाक यांचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या कानाविषयी होता. तांबू तीन कादंबऱ्यांतून बोलते आहे. वाचकांना फक्त पहिल्या कादंबरीतील यश ऐकू आले.

२५/
मग सामर्थ्य कुठे आहे? दांगारेंबगा यांनी ते एकटीच्या यशात ठेवलेले नाही. तिसऱ्या कादंबरीच्या शेवटी तांबू आपल्या ल्युसिया मावशीच्या सुरक्षा कंपनीत काम करते; ही मावशी युद्धात लढलेली आहे आणि सोबत लढलेल्या स्त्रियांना घेऊन उभी आहे. शोना विचारातील ‘उन्हू’ म्हणजे समोरचा माणूस बरा असेल तरच आपण बरे, ही जाणीव. दुसऱ्या कादंबरीत तांबू तिचा जप करते पण ती जगू शकत नाही; तिसरीच्या अखेरीस, बहीण, मावशी आणि आई यांना पुन्हा सामोरी गेल्यावर, तिला तिचा अर्थ लागू लागतो. सोबत, कायदा, जमीन, मजुरी : सामर्थ्य या गोष्टींवर उभे राहते. सोसण्याची क्षमता ही त्यांच्या अभावाची खूण आहे.

२६/
कादंबरीबाहेरही हेच. जुलै २०२० मध्ये ‘धिस मोर्नेबल बॉडी’ बुकर पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत आली. त्याच आठवड्यात, ३१ जुलैला, हरारेत हातात फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलेल्या दांगारेंबगा यांना अटक झाली. २०२२ साली त्या दोषी ठरल्या, २०२३ साली उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. २०२१ साली त्याच हरारेत नेहांदाचा भव्य पुतळा उभा राहिला होता. १८९८ साली कंपनी राजवटीने फाशी दिलेल्या या स्त्रीचे स्मरण राज्यकर्त्यांना चालते. फलक घेऊन उभी असलेली जिवंत स्त्री चालत नाही. पुतळा काहीही मागत नाही.

२७/
म्हणून पुढच्या वेळी ‘खंबीर नायिका’ असे लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ती जे सोसते आहे त्याचा फायदा कोणाला होतो? ज्याला परंपरा म्हटले जाते ती कोणी, कधी, कोणाला विचारून लिहिली? आणि तिच्या यशाची किंमत कोणत्या दुसऱ्या स्त्रीने मोजली, नेत्साईने की आईने? या प्रश्नांची उत्तरे देणारा निबंध वसाहतोत्तर. बाकीचे लेखन म्हणजे त्या गोऱ्या बाईची हळहळ आणि तिचे दहा पौंड. ‘नर्व्हस कंडिशन्स’ जरूर वाचावी, आणि ती संपली की लगेच उरलेल्या दोन्ही वाचाव्यात.

(धागा समाप्त)